बिनविरोध गावात सुभद्राबाईचा अर्ज

कर्नाटकातल्या भालकी तालुक्यात, मेहकरच्या अलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही. ज्या गावानं ग्रामपंचायतीची जागा मारुतीच्या पायरीवर लिलावात काढली आणि वर त्याचा अभिमान मिरवला, त्याचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही. पण त्या गावच्या सुभद्राबाईचं नाव घ्यायचं, आणि चांगलं मोठ्यानं घ्यायचं.

सुभद्राबाई गावची वॉटरमन. बाई असून वॉटरमन, कारण पंचायतीच्या दप्तरात त्या कामाला दुसरं नावच नव्हतं. आधी हे काम तिच्या नवऱ्याकडं, नरसिंगकडं होतं. एका पावसाळ्यात बोअरच्या स्टार्टरनं त्याला धरलं ते सोडलंच नाही. भरपाईचा कागद बिदरपर्यंत गेला आणि तिथंच बसला. पंचायतीनं मेहरबानी म्हणून नरसिंगची लोखंडी चावी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, तात्पुरतं सांभाळ. ते तात्पुरतं सोळा वर्षं चाललं. पोरगी मैत्रेयी बालवाडीतून उठून बिदरला नर्सिंगला गेली, तरी आई तात्पुरतीच.

चावी कमरेइतकी उंच, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातली फरशी उचलायची, चावी खाली व्हॉल्व्हवर सोडायची आणि अंगाचा जोर लावून फिरवायची. जोर कुणीही लावेल. अक्कल लागते ती कुठला व्हॉल्व्ह आधी फिरवायचा यात. गावाच्या वरच्या अंगाला माळावरची आळी. तिथं भीमनगराची बौद्धांची घरं, त्यातच सुभद्राबाईचं, पलीकडं चार घरं लिंगायतांची आणि दोन कोरडवाहू मराठ्यांची. टाकी काठोकाठ असली तरच पाणी तिथवर चढतं. खालच्या पेठेला मात्र टाकी अर्धी असली तरी धो धो मिळतं. म्हणून नरसिंगनं बायकोला एकच गोष्ट शिकवली होती, भरल्या टाकीवर आधी माळ, मग पेठ. कुठल्या सरकारी कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. पण अकरा वर्षं तिनं असंच पाणी सोडलं, एक दिवसाआड, आणि गावात कुणाचं काही अडलं नाही.

मग पंचायतीची निवडणूक लागली. गावातल्या चार शहाण्यांनी डोकं चालवलं. निवडणूक म्हणजे दारू, भाऊबंदकी, डोकेफोडी. त्यापेक्षा जागेची बोली लावू. जो जास्त देईल तो बिनविरोध मेंबर, आणि पैसा मारुतीच्या सभामंडपाला. अंकुशराव तेव्हा नुकतेच वर आले होते. मंगल कार्यालय, सिमेंटच्या ब्लॉकचा कारखाना, दोन टिप्पर. त्यांनी बोली एकदम साडेसात लाखांवर नेऊन ठेवली. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. अंकुशरावांच्या हातात नारळ दिला, आणि दुसरा कुणी अर्ज भरणार नाही अशी शपथ म्हणून गावानं बेलभंडारा उचलला. बौद्ध काही बेलभंडारा उचलणार नाहीत, म्हणून त्यांना विहाराची कंपाउंड भिंत कबूल केली. राखीव जागा अंकुशरावांच्या टिप्परवरच्या ड्रायव्हरला, तीही त्याच नारळात. टाळ्या झाल्या. सुभद्राबाईनंही वाजवल्या. ती हे कधी लपवत नाही.

बघा, चोरी झाली असती तर पोलिसात जाता आलं असतं. इथं गावानं आपलं मत आपल्याच हातानं नेऊन दिलं, वर गूळ-खोबरं खाल्लं. बाबासाहेबांच्या घटनेनं प्रत्येकाला एक मत दिलं, अंकुशरावांनाही एकच आणि मोळी विकणाऱ्या ग्यानबालाही एकच. ते एकत्र बांधून पायरीवर ठेवलं आणि म्हणे, गावाची एकी!

अंकुशराव पंचायतीचे अध्यक्ष झाले आणि महिन्याभरात मुख्य लाइनला दोन फाटे फुटले. एक ब्लॉकच्या कारखान्याला, एक मंगल कार्यालयाला. त्यानंतर पेठेत त्यांचंच फिल्टर पाण्याचं केंद्र उभं राहिलं. नाणं टाका, कॅन भरा. बोअर सरकारची, टाकी सरकारची, मोटरचं बिल सरकार भरणार, आणि पाणी विकणार अंकुशराव! उद्घाटनाला ते म्हणाले, "सरकारच्या भरवशावर बसलो तर गाव तहानेनं मरंल. शेवटी आमच्यासारख्यांनाच खिशात हात घालावा लागतंय." हात खिशात होता हे खरं. कुणाच्या, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

सुभद्राबाईला हुकूम आला, आधी पेठ. तिनं दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी पंचायतीचे विकास अधिकारी, पीडीओ साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही तात्पुरत्या आहात." पोरीची फी भरायची होती. सुभद्राबाईनं मान खाली घातली आणि पेठेचा व्हॉल्व्ह आधी फिरवला. माळावरचं पाणी दिवसाआडचं तिसऱ्या दिवसावर गेलं, मग सहाव्यावर. कुणी विचारलं की अंकुशराव आभाळाकडं हात दाखवायचे. बोअर आटायलीय, म्हणायचे. मोटरघराला आणि टाकीच्या शिडीला त्यांनी कुलूप घातलं होतं, किल्ली कारखान्यातल्या माणसाकडं, त्यामुळं टाकीत पाणी किती ते सुभद्राबाईलाही दिसायचं नाही. पाच वर्षं स्वतःच्या आळीचं पाणी तिनं स्वतःच्या हातानं बंद केलं. विहाराची कंपाउंड भिंतही गुडघाभर येऊन थांबली होती.

मागच्या वैशाखात शेजारच्या लिंगायतांच्या घरात शिवकन्या बाळंत झाली. दहावा दिवस असेल. सुभद्राबाई घरी परतत होती, तर शिवकन्या ओटीपोटाला फडकं बांधून दारात बसलेली, पुढ्यात कॅन, आणि ती विकतच्या पाण्यात बाळाची दुपटी धूत होती.

"अक्का, आज पाणी यायचं व्हतं न्हवं?" तिनं साधंच विचारलं. तक्रारीचा सूरही नव्हता.

सुभद्राबाई तशीच घरात शिरली. तासाभरापूर्वीच तिनं माळाचा व्हॉल्व्ह बंद केला होता, कारण मंगल कार्यालयात लग्न होतं आणि लग्नाआधी हिरवळीवर फवारे उडायचे होते. ते फवारे तिनं डोळ्यांनी पाहिले होते. बाळंतिणीची धुणी विकतच्या पाण्यानं आणि गवताला फुकटचं! त्या दिवशी ती जेवली नाही. स्वतःचा इतका राग तिला नरसिंग गेला तेव्हाही आला नव्हता.

पाच वर्षं भरली, निवडणूक पुन्हा लागली. पुन्हा मारुतीची पायरी, पुन्हा बोली. सभामंडपाचा स्लॅब टाकून झाला होता, आता गिलावा आणि रंग बाकी होता. अंकुशरावांनी आकडा सांगितला, कुणी वाढवायच्या आधीच नारळ पुढं आला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सुभद्राबाई उठली.

"मी अर्ज भरणाराय," ती म्हणाली. "सर्वसाधारण जागेवर. त्यांच्याच समोर."

आधी हसू पिकलं. मग कुणीतरी म्हणालं, हिला राखीव सोडून ही जागा कामून पायजे? ती म्हणाली, "सर्वसाधारण म्हंजे सगळ्यांची न्हवं का? का तिच्यावर बी कुणाचं नाव घातलाव?"

पण गोष्ट एवढी सोपी नव्हती. पीडीओंनी दुसऱ्या दिवशी तिला बोलावून नियम समजावला. पंचायतीचा पगार खाणाऱ्याला पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आधी राजीनामा, मग अर्ज. हरलात तर चावी परत मिळायची नाही. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त खुर्चीला घट्ट होता. "विचार करा," तो म्हणाला. तिनं केला. मैत्रेयीच्या नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं आणि घरात दुसरी मिळकत नव्हती. पोरीला फोन लावला. पोरगी म्हणाली, "आई, राजीनामा कन्नडात लागतंय. मी लिहून पाठवते, तू उतरवून घे." सुभद्राबाईला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. अक्षर अक्षर चित्रासारखं उतरवलं, खाली सही मराठीत केली, आणि चावी टेबलावर आडवी ठेवून आली.

अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी तिच्या दारात माणसं आली. अंकुशरावांची नव्हेत, ते तिला परवडलं असतं. भीमनगरातलीच आली. पुढं ग्यानबा, विहाराचे पंच, नरसिंगला अंगाखांद्यावर खेळवलेले.

"जय भीम, सुभद्रा."

"जय भीम, आबा. बसा."

ग्यानबा बसले नाहीत. "अंकुशराव आपल्या आळीला येगळं फिल्टर द्यायलेत. भिंत बी पुरी करतो म्हणायलेत. तू अर्ज काढून घे. गावाशी वैर कामून?"

सुभद्राबाईचा पारा चढला. थोरल्यांसमोर तिनं कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "आबा, नळाचं पाणी आपलं हाय. ते बंद करून आपल्यालाच इकायलेत, आणि तुमी मला सांगायलाव की दुकान घराजवळ येणार! दुकानात पैसा आसंल तर पाणी. नळाला काय लागतंय? आपण गावात जलमलाव, एवढं बास हाय. मागच्या टायमाला मी टाळ्या वाजवल्या. तुमी बी वाजवलाव. भिंत कुठंय? गुडघ्याएवढी! बाबासाहेबांनी दिलेलं मत भिंतीवर इकलं आपण, आबा, आणि भिंत बी अर्धीच मिळाली."

ग्यानबांनी पटका काढला, तोंड पुसलं. "तुझं काम गेलं पोरी, त्याचं काय?"

"ते गेलं. आता अर्ज बी काढला तर कशाला गेलं म्हणायचं?"

अर्ज राहिला. आणि मग गावानं एक नवल पाहिलं. पाच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, एका आकड्यावर ज्यांना सगळी मतं मिळाली होती, त्या अंकुशरावांना माळाचा चढ चालत चढावा लागला. पांढरे बूट धुळीनं भरले. दारोदार हात जोडायचे, अक्का म्हणायचं, बाळाच्या गालाला हात लावायचा. माणूस वाकतो तो कशापुढं, हे त्या दहा दिवसांत माळावरच्या पोरासोरांनाही कळलं. रीत म्हणून ते सुभद्राबाईच्याही दारात आले, आणि ऊन फार होतं म्हणून प्यायला पाणी मागितलं.

"न्हाई," ती म्हणाली.

सोबतचा कार्यकर्ता डाफरला, "दारात आलेल्याला पाणी न्हाई म्हणतीस?"

"खरंच न्हाई, अण्णा. रांजण बघा की. सहा दिसाला येतंय, आज पाचवा. तुमच्या केंद्रातलं आणायचं तर माझा पगार बंद हाय." तिनं रांजणाचं झाकण काढून त्यांच्यासमोर धरलं. अंकुशरावांनी आत पाहिलं. मग पुढच्या घराकडं वळले. शिवकन्यानं त्यांना पाणी दिलं, त्यांच्याच केंद्राच्या कॅनमधलं.

मतदान झालं. शाईची बोटं घेऊन माळावरच्या म्हाताऱ्या उन्हात उभ्या राहिल्या, जणू लेकीच्या लग्नाला आल्या होत्या. शेवटच्या दोन दिवसांत पेठेतून पाकिटं फिरली, साड्या फिरल्या, ते सगळं झालंच. भालकीला मोजणी झाली आणि सुभद्राबाई अकरा मतांनी हरली. फक्त अकरा. पेठेत फटाके वाजले, पण थोडेच वाजले, आणि गुलाल लावलेल्या अंकुशरावांचा चेहरा जिंकलेल्या माणसासारखा दिसत नव्हता.

तिच्या जागी नवा वॉटरमन आला, व्यंकट, अंकुशरावांच्या कारखान्यातला. निकालाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राबाई चुलीपुढं बसली होती. गल्लीत गलका झाला. बाहेर येऊन बघते तर नळाला पाणी. पाणी यायला अजून तीन दिवस होते. आणि कसलं पाणी! धार नळाला बोट लावून थोपवता येईना. शिवकन्या ओरडली, "अक्का, भरून घे!" ग्यानबा विहाराच्या नळाखाली पाय धरून उभे होते. व्यंकट चावी घेऊन खालून वर आला तेव्हा तिनं विचारलं, "कुणी सांगितलं रे?"

"मालकांनी," तो म्हणाला. "म्हणाले, हितून पुढं आधी माळ, मग पेठ. एक दिवसाआड."

"आणि बोअर? आटली व्हती न्हवं?"

व्यंकट चपापला. अजून नवा होता, खोटं बोलायची सवय लागायची होती. "न्हाई की अक्का," तो म्हणाला. "बोअरला धा वर्सांत काय बी झालेलं न्हाई. टाकी रोजच भरायलीय."

बायका हंडे भरत होत्या, हसत होत्या, तिला हाका मारत होत्या. सुभद्राबाईला हसू आलं नाही. ती रिकामी घागर हातात धरून तशीच उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून संतापानं पाणी वाहू लागलं. पाणी होतं. पाचही वर्षं, रोज, टाकीत पाणी होतं.