तोंडातल्या टाचण्या

शिंपीणकाकूंच्या हातचा ब्लाउज सगळ्यांना हवा असायचा, पण माप द्यायला जायचं म्हटलं की बायका दहा वेळा विचार करायच्या. काकूंना वाकडं काही बघवायचंच नाही. दुसऱ्या कुणी शिवलेली बाही जरा ओढलेली दिसली, की ती अंगात असतानाच काकू कात्री उचलायच्या.

"अहो काकू, मला याच ब्लाउजवर घरी जायचंय!"

"जा की. सरळ होऊन जा."

अशा या काकू. एका रविवारी ख्रिस्ती देवळात पाळकसाहेबांनी सांगितलं, परदेशातल्या मिशनमध्ये उन्हाळाभर बायकांना इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक हवाय. राहणं-खाणं मिशनचं, पगार नाही. तरणी मुलं एकमेकांची तोंडं बघत बसली आणि काकूंनी हात वर केला. मिशनच्या शाळेत मॅट्रिक झाल्या होत्या, रविवारच्या शाळेत पोरांना इंग्रजी गाणी शिकवायच्या. पण थोरल्या जाऊबाईंनी नाक मुरडलंच.

"तू शिकवणार? अगं, आठवड्यात सगळ्यांना पळवून लावशील."

"बघाच तुम्ही, जाऊबाई," म्हणत काकूंनी शिवणाची पेटी बॅगेत कोंबली.

मिशनने वर्गाला तळघरातली खोली दिली होती. कडेला मोडक्या खुर्च्यांची चळत, वर प्रार्थनेची जागा. शिकायला यायच्या त्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या धुलाईच्या कारखान्यातल्या बायका. हात साबणाने पांढरेफटक पडलेले, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले. इंग्रजी आलं तर हॉटेलात वरचं काम मिळेल, एवढी त्यांची आशा.

पहिल्या दिवशी त्यांच्यातली जाडजूड इस्त्रीवाली हौसेने उठली. तिला आपली मुलगी कशी झाली ते सांगायचं होतं. दुसऱ्याच शब्दाला काकू ओरडल्या, "स्टॉप! चूक. पुन्हा." पुन्हा केलं. पुन्हा स्टॉप. तास संपला तरी त्या पोरीचा बिचारीचा जन्मच झाला नाही.

हळूहळू खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. कारखान्यात काकूंचं नाव पडलं स्टॉपबाई. मग एक दिवस तिथल्या पाळकीणबाई जिना उतरून आल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यातही असंच राहिलं, तर ही खोली गाण्याच्या सरावाला देऊन टाकू. तुम्ही स्वयंपाकघरात या. बटाटे सोलायला माणूस हवंच आहे."

काकूंच्या डोळ्यांपुढे थोरल्या जाऊबाई उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून हसणाऱ्या.

वर्गाला आता इस्त्रीवाली आणि तिच्या दोन मैत्रिणी एवढ्याच उरल्या होत्या. त्याही इंग्रजीसाठी येत होत्या असं कुणी समजू नये. काकूंनी तिच्या मुलीला झगा शिवून द्यायचं कबूल केलं होतं, म्हणून. त्या दिवशी पोरगी टेबलावर उभी होती, अंगावर पांढऱ्या दोऱ्याने टाचलेला झगा, एक बाही वर, एक खाली. इस्त्रीवालीने तिच्याभोवती एक फेरी मारली, काकूंचीच कात्री उचलली आणि थेट काकूंच्या आवाजात गरजली, "स्टॉप! चूक. पुन्हा!"

"अगं बये, ठेव ती कात्री!" काकू धावल्या. घाईत त्यांच्या इंग्रजीची पार दाणादाण उडाली. "ही कच्ची शिलाई आहे! आधी अंगावर बसू दे, पोरीला चार पावलं हिंडू दे, मग कळतं कुठं ओढतंय ते. आत्ताच उसवलंस तर झगा होणारच नाही!"

इस्त्रीवालीने कात्री ठेवली नाही. दुसरा हात कमरेवर ठेवून ती नुसती काकूंकडे बघत राहिली. मैत्रिणी खुर्च्यांमागे तोंड लपवून फिदीफिदी हसायला लागल्या. काकूंचे कान लाल झाले. कच्ची शिलाई लगेच उसवू नये, हे त्या स्वतःच सांगून बसल्या होत्या. मग डबीतल्या टाचण्या काढून ओठांत धरल्या, खाली बसल्या आणि हातानेच खूण केली, बोल.

इस्त्रीवाली बोलली. पोरगी झाली तेव्हाचा दवाखाना, तिथली खाष्ट नर्स, नवऱ्याला आलेली चक्कर. शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते. मध्येमध्ये काकूंचे ओठ हलायचे, टाचणी टोचायची, पुन्हा गप्प. संपल्यावर त्यांनी टाचण्या काढल्या, डोळे पुसले आणि बोलण्यात ओढणाऱ्या दोनच जागा दाखवल्या.

ही बातमी इस्त्रीच्या टेबलावरून कारखानाभर गेली. पुढच्या आठवड्यात मोडक्या खुर्च्यासुद्धा बसायला काढाव्या लागल्या. पाळकीणबाईंनी दारातून डोकावून पाहिलं, तर बायकांचा नुसता बाजार भरलेला आणि मधोमध शिक्षिका तोंडात टाचण्या धरून. गाणेकरी अंगणात गेले. बटाटे तिथल्या पाळकसाहेबांनी सोलले म्हणे.

काकू परतल्या त्याच दिवशी थोरल्या जाऊबाई माप द्यायला हजर. "काय गं, किती दिवस टिकल्या तुझ्या बायका?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शेजारणीच्या भांडणाचं पुराण लावलं, सगळं उलटसुलट. काकूंनी टेप त्यांच्या दंडाला गुंडाळला आणि टाचण्यांची डबी उघडली.

पुराण एकदाही न अडता पार शेवटापर्यंत गेलं. जाऊबाई चपापल्या.

"अगं, बरं वाटत नाहीये का तुला?"