नवमीला धुतलेला सर्व्हर

आमच्या घरचा सर्व्हर माझ्या नवऱ्याने साबण लावून धुतला. सांगितलं मीच होतं.

झालं असं, की पुतण्याने बीडमधला फोटो स्टुडिओ बंद केला आणि लग्नाचे व्हिडिओ जोडायचं त्याचं जुनं वर्कस्टेशन नेकनूरला आमच्या घरी आणून टाकलं. (तिघांनी मिळून उचललं, तरी उंबऱ्याचा टवका गेलाच.) मला मात्र त्यात संधी दिसली. घरातले फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये पसरलेले, निम्मे धूसर, तेच तेच! पसारा मला बघवत नाही. मी नवी हार्डडिस्क बसवली आणि त्या धुडाचा घरचा सर्व्हर केला. सगळे फोटो, व्हिडिओ त्यात भरले, वर्षवार, कार्यवार लावले आणि सगळ्यांच्या फोनमधले पुसून टाकले. एक वस्तू, एक जागा!

"आगं, ह्यांचा व्हिडिओ कुठं गेला?" सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं.

'ह्यांचा' म्हणजे माझे सासरे, आबा. आता ते नाहीत. शेळ्यांना नावानं हाका मारतानाचा तेवढा एकच व्हिडिओ. त्यांचा आवाज राहिलाय तो त्यातच.

"सर्व्हरमध्ये आहे आत्या. टीव्हीवर लावते."

त्यांनी बघितला. "शेवटचं कुठंय?"

"शेवटी काही नव्हतं. कापलं. जागा वाचते."

चरायला गेलेली शेळी अर्धीच परत यावी, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं!

आता आमचे हे. कुठलंही काम सांगा, आधी कारण विचारणार, "कावून?" म्हणून खंडेनवमीच्या सकाळी मी बजावलं, "यादीत असेल ते करायचं. कावून म्हणायचं नाही." यादीचं नाव 'हत्यारे धुऊन पाटावर मांडणे'. कोयता, विळा, कुऱ्हाड, पाने-पकड, सर्व्हर. (तोही राबतोच की! त्याला हळदकुंकू नको?) यादी हातात दिली आणि मी झेंडू आणायला मांजरसुंब्याला गेले.

परत आले तर कोयता आणि कुऱ्हाडीच्या मधोमध सर्व्हर उन्हात निथळत होता. झाकण काढून हे पंख्याच्या पात्यांना दात घासायचा ब्रश मारत होते.

"अहो! हे काय केलंत?"

"लई धूळ हुती आत. दोन पाण्यानं निघाली."

"पाण्यानं?"

"वायर काढूनच धुतला. मी काय येडा हाय का?"

"अहो, पण कावून?"

"वा! मी म्हणायचं न्हाई, आन् तू म्हणायचं?"

भिजलेला फोन तांदळात ठेवतात, असं ऐकलं होतं. एवढ्या धुडाला पुरेल इतका तांदूळ कुणाच्या घरात असतो? मग ज्वारीच्या कणगीत पुरला. दसरा उलटल्यावर बाहेर काढून बटण दाबलं. ढिम्म! फक्त पंख्यातून चार दाणे पडले.

डिस्क घेऊन बीड गाठलं. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने ती कानाशी धरून हलवली. "ताई, आत पाणी बोलतंय. दुसरी कॉपी असंल की?"

एक वस्तू, एक जागा! मी तशीच घरी आले.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या उठल्या, फोन घेतला आणि सिरसाळ्याला बहिणीला लावला.

"शांते, ह्यांचा व्हिडिओ धाडला हुता, हाय का गं?... हाय? पुसला न्हाई ना कुणी?... तुझी सून लई गुणाची बाई. काय आवरत न्हाई!"

चहा उकळेपर्यंत व्हिडिओ आला. ह्यांनी लगेच टीव्हीवर लावला. "ये चांदे... ये ढवळे..." आबांची हाक घरभर घुमली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला, माझेही डोळे भरले. आणि मग आला मी कापलेला शेवट! आबांनी वळून थेट कॅमेऱ्यात पाहिलं. कॅमेरा माझ्याच हातात होता.

"बघा, आता ही शेळ्यांची बी यादी करील!"

हे इतके हसले की चहा सांडला. सासूबाई रडता रडता हसायला लागल्या. "शेवटी काय नव्हतं व्हय गं?"

मीही हसले. दुसरं करणार काय? शेळ्यांची यादी मी व्हिडिओ काढला त्याच संध्याकाळी केली होती. रंगवार.