बिल येता, मातशें बसा

आमच्या धंद्यात किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते स्वतःच फोन करून बोलावून घेतात. मी गोव्यात, साखळी गावात, कॉम्प्युटर आणि प्रिंटर दुरुस्त करतो. संध्याकाळी चहाला मित्र जमले की मी फक्त दामूबाबांच्या दुकानाचं नाव घ्यायचं, बाकीचे कप खाली ठेवून ऐकायला बसतात. त्यांना वाटतं मी तिखटमीठ लावतो. खरं सांगतो, लावायची गरजच पडत नाही.

दामूबाबांचे पूर्वी खनिजाचे ट्रक होते. खाणी बंद पडल्या आणि ट्रकवाले दामूबाब टाइल्स, नळ आणि कमोड विकू लागले. साखळीत मोठं दुकान, आणि किनाऱ्यावर मांद्र्याला गेस्ट हाउसं वाढली म्हणून तिकडे एक काउंटर. त्या काउंटरवर त्यांचा पुतण्या रोहन बसतो. आमच्याकडे मालकाला पात्रांव म्हणतात, आणि दामूबाब नखशिखांत पात्रांव आहेत.

दुकानाचा हिशेब आणि बिलं सुलभाबायकडे. ट्रकच्या काळापासून ती त्यांच्याकडे आहे. तिचा नवरा टिपर चालवायचा, तो खाणी बंद झाल्यापासून घरी बसलाय. त्यामुळे घर चालतं ते हिच्या पगारावर. तक्रार अशी, की हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून तिनं बिल सोडलं की ते नेटवर्कवरून प्रिंटरपर्यंत पोचता पोचत नसे. गिऱ्हाईक काउंटरला टेकून उभं, आणि सुलभाबायचं एकच वाक्य: "बिल येता, मातशें बसा." मातशें म्हणजे जरासं. हे जरासं किती, ते देवालाच ठाऊक.

पात्रांवांचं निदान मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. "प्रिंटर बरो आसा. बाय सावकास जाल्या. हांव दुकानांत आसल्यार बिलां बेगीन येतात, हांव भायर सरलों की काम थंड." म्हणजे ते दुकानात असले की बिलं लवकर, ते बाहेर पडले की बाय ढिली.

सुलभाबाय यावर पुढचं बिल टाइप करायला घ्यायची, आणि मला तिच्यापेक्षा जास्त राग यायचा.

*

पहिल्यांदा गेलो तेव्हा एक बिल सोडून बघितलं. स्क्रीन गोठली. मी सेटिंग उघडलं तर तिच्या मशीनवर मुख्य म्हणून जो प्रिंटर लावला होता, तो दुकानात नव्हताच! तो खाणीवरच्या जुन्या ऑफिसातला. ऑफिस बंद, प्रिंटर भंगारात. पण सॉफ्टवेअर बिचारं प्रत्येक बिलाच्या वेळी आधी त्याला हाका मारायचं, आणि ओ येत नाही म्हटल्यावर कंटाळून दुकानातल्या प्रिंटरकडे वळायचं.

"हा काढून टाकतो," मी म्हटलं.

दामूबाब खुर्चीतून उठलेच. "काडूं नाका. खाणी परत सुरू जातल्यो. तेन्ना लागतलो तो."

"पात्रांव, तो भंगारात गेला."

"प्रिंटर गेलो. नांव आसा न्हय?"

मी थक्क होऊन सुलभाबायकडे बघितलं. मला वाटलं ती हसत असेल. ती हसत नव्हती. तिचा नवराही म्हणे अजून रोज सकाळी तो उभा असलेला टिपर पुसतो. मग मी नाव तसंच राहू दिलं आणि फक्त त्याच्यापुढची मुख्य प्रिंटरची खूण काढली. बिलं सुधारली. काही दिवस.

*

दुसऱ्या वेळी बिलाच्या डोक्यावर एक फोटो आला होता. दामूबाबांचे वडील, फेटा, मिशा, छातीवर साखळी. रोहननं भिंतीवरच्या तसबिरीवरून तो स्कॅन करून घेतला होता, आणि तो इतका अवजड होता की अर्धा इंच नळाच्या बिलाबरोबर थोरले पात्रांव सगळेच्या सगळे नेटवर्कवरून चालत प्रिंटरपर्यंत जायचे.

मी समजावलं. "फोटो ल्हान करूया. दिसायला तसाच दिसेल."

दामूबाबांचा चेहरा लाल झाला. "तूं म्हज्या बापायक ल्हान करतलो?"

मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि निघायच्या बेतात होतो. तेवढ्यात सुलभाबाय मान वर न करता म्हणाली, "पात्रांव, लोक बिल चुरगळून वाटेर मारतात. काल गटाराकडेन एक पळयलें हांवें. थोरल्या पात्रांवांचेर पांय दवरून लोक वताले."

वडिलांच्या फोटोवर पाय ठेवून लोक जातात, हे ऐकून दामूबाब दचकले. मग त्यांनी स्वतः मला खुर्ची दिली. फोटो त्याच मिनिटाला गेला, आणि ते रस्त्यावर जाऊन ते एक बिल शोधूनही आले.

*

दुपारचा किस्सा छोटा आहे. दुकान दुपारी बंद होतं, हे आमच्याकडे सगळ्यांचंच. पण दामूबाब जेवायला जाताना मेन स्विचच पाडायचे. राउटरसकट सगळं झोपायचं, आणि उठल्यावर राउटर, प्रिंटर ज्या कॉम्प्युटरला जोडला होता त्याला नवाच पत्ता द्यायचा. सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसायचं.

"मेन स्विच कशाला पाडता?"

"यंत्राक लेगीत विसव जाय," दामूबाब म्हणाले. यंत्रालाही विसव, म्हणजे विश्रांती, हवी. त्यांच्या आवाजात माझ्याविषयी दया होती, की या माणसाला कोणी दुपारी झोपू देत नसावं.

मी त्या कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा बांधून टाकला. स्विच अजून पडतो.

*

मग शिरगावच्या जत्रेच्या वेळचा प्रकार. गोदाम सांभाळणारा दिलीप शिरगावचा, देवीचा धोंड, म्हणजे व्रत घेतलेला भक्त. जत्रेआधी धोंड व्रत पाळतात, सोवळ्यात वेगळे राहतात. दिलीप रजेवर गेला आणि दुसऱ्या दिवसापासून एकही बिल येईना. मी धावत गेलो. प्रिंटर दिलीपच्या कॉम्प्युटरला जोडलेला, सगळ्या दुकानाचं प्रिंटिंग त्याच्यातून जायचं, आणि तो कॉम्प्युटर बंद होता. त्यावर स्वच्छ पांढरं कापड अंथरलेलं.

"चालू करा की," मी म्हटलं.

कोणी हलेना. दामूबाब, जे साध्या चुकीला अख्खं दुकान डोक्यावर घेतात, ते हळू आवाजात म्हणाले, "व्रताक गेलेल्या मनशाची वस्त. ताणें सोंवळ्यान धांपल्या. हांव हात लावचो ना."

मग गिऱ्हाइकांना बिलं हातानं लिहून दिली, त्या कापडाला वळसा घालून लोक ये-जा करू लागले, एका म्हाताऱ्यानं तर जाताना हात जोडले. मी हात लावतो म्हटलं तर सुलभाबायनं माझं मनगट धरलं. शेवटी मी एक लांब केबल आणली आणि प्रिंटर दिलीपच्या मशीनला टाळून थेट राउटरला जोडला. खरं तर तो आधीपासून तसाच असायला हवा होता.

जत्रा झाली, निखाऱ्यांवरून चालून दिलीप परत आला. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. त्यानं कापड उचललं, झटकलं आणि घडी घातली.

"कितें जालें? धुल्ल बसता म्हणून घाल्लें हांवें."

*

आता कमोड. हा प्रकार घडला आणि सुलभाबायच्या नोकरीवर आलं.

बिल येत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा बटण दाबायची. कोण नाही दाबत? एक दिवस दाबलेली बिलं साखळीच्या प्रिंटरवर एकदा आणि मांद्र्याच्या प्रिंटरवर एकदा अशी निघाली, कारण रोहननं आपलाही प्रिंटर त्याच यादीत घालून ठेवला होता. मांद्र्याला बिलं पडताना बघून रोहनला वाटलं, काकांनी डिलिव्हरीची कामं पाठवलीत. पोरगा कामसू. त्यानं टेम्पो भरला आणि सगळ्या पत्त्यांवर माल पोचवला!

ज्यांनी साखळीतून कमोड उचलून घरी नेला होता, त्यांच्या दारात दुसऱ्या दिवशी मांद्र्याहून आणखी एक कमोड. मी दामूबाबांबरोबर परत आणायला गेलो होतो. एका घरी तर तो बसवूनही झाला होता, शेजारी शेजारी दोन.

"तुमी कोणाकूच विचारलें ना?" दामूबाबांनी कपाळाला हात लावला.

घरमालक शांतपणे म्हणाला, "पंचायतीकडल्यान आयलो अशें दिसलें. म्हणून घेतलो."

परत आल्यावर दामूबाब गाडीतून उतरले, दुकानात शिरले आणि सरळ सुलभाबायच्या टेबलासमोर उभे राहिले. "चवथ जाली की पणजेची एक चली येतली. शिकिल्ली. तूं आतां विसव घे."

चली म्हणजे मुलगी, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी. ती तोंडावर आली होती. सुलभाबाय "बरें" म्हणाली आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. त्या घरात दुसरं कमावणारं कोणी नाही, हे दामूबाबांना माझ्याइतकंच माहीत होतं.

*

मग मी ठरवलं, आता हा प्रिंटर माझा वैरी. सकाळपासून स्टूल घेऊन तिच्या शेजारी बसलो. बिलं धडाधड येत होती. दामूबाब समोर होते.

थोड्या वेळानं दामूबाब बॅग उचलून मांद्र्याला निघाले. गाडी वळली, आणि स्क्रीन गोठली.

क्षणभर, लाज वाटते सांगायला, मलाही वाटून गेलं की बाई खरंच पात्रांवांच्या पाठीमागे हळू चालते. पण मी तिचे हात बघत होतो. हात तेच, वेग तोच. दुपारपर्यंत बिलं रडतखडत आली. मध्ये काही वेळ तर पूर्ण बंद. मी दामूबाबांना फोन लावला, लागेना. लागला तेव्हा म्हणाले, "असनोड्याच्या वळणार रेंज वता रे." आणि त्याच क्षणी प्रिंटर खडखडायला लागला!

मी स्टुलावरून पडायचाच बाकी होतो. रेंज त्यांची गेली, मग आमचं बिल का अडलं?

सॉफ्टवेअर हिशेब कुठून उचलतं ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. दुकानातून नव्हे. दामूबाबांच्या लॅपटॉपमधून. हिशेब आपल्या हातात हवा म्हणून त्यांनी रोहनकडून सगळा डेटा त्यात घालून घेतला होता, आणि तो लॅपटॉप झाकण लावूनही चालू राहील अशी व्यवस्था होती. तो रोज बॅगेतून त्यांच्याबरोबर फिरायचा. दुकानात असला की बिल लगेच. मांद्र्याला गेला की साखळीतल्या एका नळाचं बिल त्यांच्या मोबाइलच्या इंटरनेटवरून मांद्र्याला जाऊन परत यायचं.

ते परत आले तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं. "पात्रांव, तुम्ही दुकानात असलात की बिलं येतात, तुम्ही बाहेर पडलात की अडतात. सुलभाबायचा काही संबंध नाही."

दामूबाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हांव सुरवातेसावन आनी कितें सांगतां?"

सुरुवातीपासून आपण हेच सांगत होतो म्हणे! दिलीपनं भिंतीकडे तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. मी लॅपटॉपकडे बोट दाखवून पुन्हा पहिल्यापासून समजावलं. पणजीच्या मुलीचा विषय मात्र निघाला नाही. दुसऱ्या सकाळी मांद्र्याला निघताना त्यांनी बॅग उचलली, पुन्हा ठेवली, लॅपटॉप काढून सुलभाबायच्या टेबलावर ठेवला, आणि रिकामी बॅग घेऊन गेले.

तो चवथीआधीचा शेवटचा बाजार. सणाला पाहुणे यायच्या आत प्रत्येक घराला गळका नळ बदलायचा असतो. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि बिलं अशी येत होती की सुलभाबायला ती फाडून द्यायला हात पुरेनात. "मातशें बसा" म्हणायची वेळच आली नाही. एवढ्यात दामूबाबांचा फोन आला. तिचे हात गुंतलेले, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"बिलां येतात?"

"येतात."

पलीकडे दामूबाबांनी घसा साफ केला. मग, "त्या पणजेच्या चलयेक नाका म्हण सांगलां हांवें. पूण बाय, एक म्हाका सांग. हांव थंय ना, मागीर काम कशें जाता?"

पात्रांव नसताना काम होतं कसं, हे सगळ्या दुकानालाच ऐकायचं होतं. सुलभाबायनं हातातलं बिल गिऱ्हाइकाला दिलं आणि टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघितलं.

"तुमी नात अशें कोण म्हणटा, पात्रांव? तुमी हांगाच टेबलार आसात."