सगळ्यांचे ढमाले सर

ढमाले सरांसमोर 'सगळे' हा शब्द उच्चारणं म्हणजे गांधीलमाश्यांच्या पोळ्याला काठी लावणं होतं. मी तो उद्योग आठवीच्या पहिल्याच दिवशी केला. वर्गात उशिरा शिरलो आणि सरांनी विचारायच्या आत सांगून टाकलं, "सर, आज सगळीच पोरं उशिरा आलीत."

सरांनी वर्गाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सगळी? मंग ही बाकावर बसल्यात ती काय पोती हायेत?"

वर्ग हसला. मी दाराशी तासभर उभा राहिलो आणि आमच्या ओळखीचा मुहूर्त झाला.

सर मुठा खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या घरातले. धोतर सोडून विजार घातली, इंग्रजी शिकले, पण गावाकडची बोली काही सोडली नाही. मुळशी धरणाच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात त्या काळी इंग्रजीचा उपयोग काय, तर औषधाच्या बाटलीवरचं न वाचता औषध घेणं. तरीही सर असे शिकवत, जणू उद्या साहेब परत येणार आहे आणि आमच्याशीच बोलणार आहे. त्यातही त्यांचा जीव कशात, तर मच-मेनी, सम-एनी, फ्यू आणि लिटल यांत. बाकी व्याकरण त्यांनी पाहुण्यासारखं वागवलं. हे मात्र घरचं.

"भात मच, पोती मेनी," ते फळ्यावर लिहीत. "मोजता येतं त्याला मेनी. बशीऱ्या, तुझं बोलणं काय?"

"मच, सर."

"आन त्यातलं खरं?"

मी वहीत डोकं घाली.

"लिटल," सर स्वतःच उत्तर देत आणि पुढे जात.

उदाहरणासाठी त्यांना जगात दुसरं कोणी सापडत नसे. 'बशीर हॅज फ्यू फ्रेंड्स' हे वाक्य तर वर्गाने प्रार्थनेसारखं पाठ केलं होतं. "फ्यू म्हंजी असून नसल्यासारखे," सर समजावत. "म्होरं 'अ' लावला तर थोडी आशा ऱ्हाती. ह्याला लावत न्हाई." शाळा सुटल्यावर पोरं तेच वाक्य ओरडत माझ्या मागे घरापर्यंत येत. मित्र कमी होते, पण पाठांतर करणारे पुष्कळ होते.

मॅट्रिकला मी 'एव्हरीबडी'पुढे 'आर' लिहिलं. एवढी माणसं, त्यांना 'इज' कसं पुरणार, असा माझा साधा व्यवहारी विचार. पेपर सुटल्यावर सरांना सांगितलं, तर म्हणाले, "एव्हरीबडी म्हंजी गर्दी न्हवं रं. एकेक माणूस. ज्याला एकेकाचं तोंड बघायचा कंटाळा, त्यो 'आर' लिवतो." इंग्रजीत गचकलो. शाळेला सलाम ठोकला आणि पोती उचलायला लागलो.

पुढचं सगळं माझ्या मनगटावर. आधी हमाली, मग दुसऱ्याच्या दुकानात तराजू, आणि मग एस.टी. थांब्याशेजारी माझं स्वतःचं तांदळाचं दुकान. पुढे पत्र्याची पडवी काढली, तिच्यात आंबेमोहोराची पोती रचली. शहरातून धरण बघायला येणारे लोक गाडीतून उतरले की आधी वास घेत आणि मग खिशात हात घालत. अशी जागा तालुक्यात दुसरी नव्हती.

आता खरेदीचा धंदा कशावर चालतो? 'लोक म्हणतात', 'सगळे एवढ्यालाच देतात', 'कोणी विचारत नाही' यांच्यावर. एकदा एका म्हातारीचा तांदूळ ओंजळीत घेऊन मी नाक मुरडलं. "मावशी, ह्या भावाला हा माल तालुक्यात कोणी घ्यायचं नाही."

मागून आवाज आला, "कोनी? तू इचारलंस व्हय समद्यांना?"

पिशवी घेऊन सर उभे. रविवारचं सामान न्यायला आले होते.

"सर, तुमचा वर्ग नाही हा."

"म्हंजी न्हाई इचारलंस. मावशी, अजून दोगांना दाखवा. मंग या, वाटलं तर."

म्हातारी पोतं डोक्यावर घेऊन गेली. परत आली नाही. सरांनी मात्र माझ्याकडूनच तांदूळ घेतला आणि वर घासाघीसही केली. असा माणूस.

मग ती ग्रामसभा आली. एका पंचाच्या मेहुण्याला माझ्या जागेवर हॉटेल टाकायचं होतं. आमच्या गावची रीत अशी, की ठराव घरीच लिहून आणायचा, शेवटी 'सर्वानुमते मंजूर' हेही आधीच लिहायचं, आणि चहा फिरला की लोकांनी सह्या ठोकायच्या. चहा गावाला कधी नको नव्हता, म्हणून आमच्याकडचे सगळे ठराव सर्वानुमते. त्या दिवशीचा ठराव होता, 'सदर दुकानाबाबत सर्व ग्रामस्थांची तक्रार असल्याने ते हटवावे.' वाचून होईपर्यंत कपबश्या वाजायला लागल्या होत्या. माझ्या पायाखालची जमीन गेली. मी ओरडलो, शिव्याही दिल्या असतील. कोणी मान वर केली नाही.

सरांपुढे कागद आला. त्यांनी कप खाली ठेवला. "सर्व म्हंजी कोन?"

सरपंच हसले. "गाव, सर. समदं गाव."

"गाव कसं तक्रार करंल? त्याला तोंड हाय का? मानसाला आसतं. ज्याची हाय त्यानं उठावं, नाव सांगावं."

कोणी उठेना. मेहुणा हजर होता, पण त्यालाही आपलं नाव आठवेना. सर एकेकाकडे बघत राहिले, वर्गात बघत तसे, आणि एकेक मान खाली जात राहिली. शेवटी सरपंचांनी ठराव खिशात घातला.

मला भान राहिलं नाही. मी उडी मारून म्हणालो, "बघा! कोणाचीच तक्रार नाही!"

"थांब रं," सर म्हणाले. "माजी हाय. नाव लिवा, ढमाले. ह्याची पडवी पार थांब्यापत्तुर आली. पोरी यष्टीत चढताना ह्याच्या पोत्यांना वळसा घालून चिखलात उतरत्यात. दुकान ऱ्हाऊ द्या. पडवी काढा."

तो ठराव झाला. दुकान वाचलं, पडवी गेली. आंबेमोहोर आत अंधारात जाऊन बसला, वास रस्त्यावर येईना, आणि गाडीतले लोक खिशात हात न घालता धरणाकडे जायला लागले. गावाने एवढ्या वर्षांत ऐकलेली एकमेव खरी तक्रार, ती माझ्या वाट्याला आली.

काही वर्षांनी सर निवृत्त झाले. शाळेत शाल, श्रीफळ, हार. हारात माझीही वर्गणी, कारण मागायला आलेली पोरं दुकानातून हलेनात. मुख्याध्यापक बोलायला उठले. "ढमाले सर म्हणजे सगळ्यांचे लाडके. सगळ्या गावाचं त्यांच्यावर प्रेम." टाळ्या पडल्या. खुर्चीतल्या सरांनी मान वर केली आणि समोर बघायला लागले, एकेकाच्या तोंडाकडे. 'माझं प्रेम' म्हणायला कोणी उठेना. मेहुणाही टाळ्या वाजवत होता. मला राहवेना.

"सगळ्या गावाचं नाही," मी उभा राहून म्हणालो. "माझं नाही. माझी पडवी काढली यांनी."

दोघे मला खाली ओढायला लागले. आणि सर हसले. एवढ्या वर्षांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"सोडा त्येला," ते म्हणाले. "बरोबर बोलतोय. बसा, बशीरशेठ."

मला ते शेठ कधीच म्हणाले नव्हते. मी रागाच्या भरात होतो, घरी गेल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मुठा खोऱ्यातल्या आपल्या घरी जायला निघाले. ट्रंक, वळकटी आणि कालचा हार. पडवी होती त्या जागेवर उभे राहिले, कोरड्यात, चिखलात न उतरता. मी ट्रंक उचलून एस.टी.च्या टपावर चढवली. जुनी सवय, पोतं उचलल्यासारखी. सर खिडकीतून थांब्याकडे एकदा बघून म्हणाले, "कोन कोन आलंय रं?"

"मी आलोय, सर."

सरांनी मान हलवली. गाडी गेली.

सगळ्या गावाचं प्रेम होतं त्यांच्यावर. पोचवायला मी एकटा होतो. तोही दुकान शेजारीच होतं म्हणून.