मास्तरांचं सरळ कुंपण

कळमनुरीच्या शाळेत मी सातवीला शास्त्र शिकवत असे. फांदीपासून नवीन झाड कसं तयार होतं, हा धडा तर माझा हातखंडा होता.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. कुसुमनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, परसात वांगी लावली आणि डोंगरकड्याला वडिलांना निरोप धाडला : अण्णा, पुढच्या महिन्यात या, घरच्या वांग्याचं भरीत खाऊ घालते. (अण्णांचं माझ्याबद्दलचं मत लग्नाआधीच ठरलेलं : पोरगं शिकलेलं आहे, पण त्याच्या हाताला गवतसुद्धा उगवणार नाही!) तेव्हा ती वांगी म्हणजे माझी अब्रू होती. आणि गल्लीतल्या बकऱ्यांचा नेमका तिच्यावरच डोळा!

"बोराटीचे काटे टाका की! समदं गाव तेच करून राहिलंय," कुसुम म्हणाली.

"काटे? मास्तराच्या घराला?" मी उसळलो. आमच्या कॅलेंडरवर कुठल्याशा थंड गावातला बंगला होता आणि त्याला पांढरं, सरळ, लाकडी कुंपण. मला तसंच हवं होतं, आणि ताबडतोब!

मी रशीदचाचा सुतारांकडं धावलो.

"सागवान घ्या मास्तर, नातवापर्यंत टिकंल."

"झेपणार नाही, चाचा."

"मंग बाभूळ. वाळवीबी दात लावत न्हाई."

"पण वाकडी आहे हो!"

तेवढ्यात कोपऱ्यात मला एक भारा दिसला. मनगटाएवढ्या जाड, हलक्या, सरळसोट फांद्या! "आणि हे काय लपवून ठेवलंय?"

"अरे मास्तर, वो तो घरामागचा..."

"लाकडातलं मला कळतं, चाचा!"

चाचांनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. "ले जाओ. फुकट ले जाओ."

फुकट! मी जवळजवळ नाचतच घरी आलो. एका रविवारात चाळीस खुंट रोवले. पक्के बसावेत म्हणून खड्ड्यात शेणखत कालवून चिखल भरला, तो घट्ट व्हावा म्हणून रोज पाणी घातलं. (सातवीचा धडा मला तोंडपाठ होता, हे पुन्हा सांगतो.) वर चुन्याचा हात मारला. चित्रातला बंगला तेवढा राहिला!

"वांग्याला कोन पानी घालतंय?" कुसुमनं विचारलं.

"आधी कुंपण!"

महिन्याभरानं एका सकाळी बघतो तर पांढऱ्या खुंटांना हिरवा पाला! "कुसुम! चमत्कार!"

तिनं एक पान चुरडून हुंगलं. "अहो, शेवगा हाय हा! तुमी चाळीस झाडं लावली!"

मला तर आनंदच झाला. जिवंत कुंपण! अख्ख्या शाळेत सांगत सुटलो. बकऱ्यांना मात्र ही बातमी शाळेच्या आधीच लागली होती. दुपारी घरी येतो तर सगळ्या मागच्या दोन पायांवर उभ्या! पाला ओढता ओढता मऊ चिखलातले खुंट आडवे झाले. पहिली पंगत कुंपणाची उठली आणि दुसरी वांग्यांवर बसली.

आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं अण्णा उतरले!

परसात सहाच खुंट पाल्यासकट उभे होते. अण्णांनी ते पाहिले, मग मला पाहिलं. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुसुम बाहेर गेली आणि ओचा भरून परत आली.

जेवताना अण्णांनी तिसरी भाकरी मागितली. "भाजी फक्कड झाली गं! कशाची?"

"ह्यांच्या कुंपणाची."

अण्णांचा घास हातातच राहिला. मग त्यांना असं हसू फुटलं की ठसकाच लागला. "चुकलोच मी, जावईबापू! तुमच्या हाताला गवत काय, खुंट बी उगवतेत! पुढल्या महिन्यात पुन्हा येतो बगा."

दुसऱ्या दिवशी मी परत रशीदचाचांच्या दारात.

"आता कोणतं लाकूड देऊ, मास्तर? सागवान का बाभूळ?"

"तेच द्या, चाचा," मी मान खाली घालून म्हणालो. "फक्त जरा कोवळं बघून द्या."