सुनंदाने मागितलेला होकार

सकाळचे साडेदहा झाले असतील. सुनंदा चार दिवसांसाठी लेकीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरला गेली होती आणि मी राजाजीनगरच्या घरी एकटाच वर्तमानपत्र चाळत बसलो होतो. मुक्ताचा फोन आला. "बाबा, आईला जरा बरं वाटत नाहीये. तुम्ही येता का?" ती 'जरा' म्हणाली, पण त्या शब्दावर तिचा आवाज अडखळला. रिक्षात बसलो. रिंग रोडवर नेहमीसारखी गर्दी, एकेका सिग्नलला दहा-दहा मिनिटं. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अर्जंटा सर?" मी मान हलवली. पोचलो तेव्हा मुक्ता दारातच उभी होती... तिला काही सांगावं लागलं नाही. चहा पिऊन सुनंदा सोफ्यावर टेकली आणि तिथेच तिचं हृदय थांबलं होतं.

त्याला आता सहा आठवडे झाले. मराठी मंडळात तिच्यासाठी सभा झाली. तिथे मंडळाच्या खोलीत तिने वीस वर्षं दर रविवारी इथल्या मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवलं. तिचे विद्यार्थी बोलले, त्यांचे आईबाप बोलले. तिचं मोठ्याने हसणं, मिरजेकडचं ठसक्याचं बोलणं, भाजीवाल्याशी कानडीत घातलेली हुज्जत, सगळं निघालं. सगळे म्हणाले, बाई धीराची होती. ती किती धीराची होती हे खरं तर मला एकट्यालाच माहीत आहे, आणि ते सांगायचं तर आधी मी किती भित्रा आहे ते सांगावं लागेल.

१९९४ सालची गोष्ट. मी एका सरकारी कारखान्यात डिझाइन विभागात होतो. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, मुक्ता आठ वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या भिंतीवर राखाडी पट्ट्यांची एक मांजरी येऊन बसू लागली. भिंतीपलीकडे सरोजम्मा राहायच्या. साठीच्या, एकट्या, सुनंदाला कानडी शिकवणाऱ्या त्याच. मांजरीकडे बघून त्या सुनंदाला म्हणाल्या, "स्वल्प हालु कोडी." थोडं दूध द्या. मुक्ताला वाटलं, स्वल्प हे तिचं नावच आहे. तेव्हापासून ती मांजरी स्वल्पा झाली.

सुनंदाचं माहेर मांजरांनी भरलेलं. तिला मांजर हवं होतं, अगदी मनापासून. दिवसभर मी कारखान्यात, मुक्ता शाळेत, आणि घरात ही एकटी. तिने रीतसर विचारलं, "आपण हिला ठेवून घेऊ या का?" मी नाही म्हणालो. केस पडतात, मुक्ताला शिंका येतात, मिरजेला गेलो तर हिला बघणार कोण, असं जे सुचेल ते सांगत गेलो. तिने एकेक मुद्दा निकालात काढला. सरोजम्मांकडून महिनाभर मांजर सांभाळायचं आश्वासनही आणलं. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "आता खरं कारण सांगा."

"मला मांजरं आवडत नाहीत. संपलं."

ती उठली. "बरं," म्हणाली, "तुमच्या होकाराशिवाय ती घरात येणार नाही. पण मी विचारत राहीन." आणि खरंच विचारत राहिली. न रागावता, न रुसता, चहा घेणार का विचारावं तसं. चार-आठ दिवस गेले की, "काय, हो का?" मी मान हलवायचो. ती कामाला लागायची. मांजरी भिंतीवर असली की मी मागचं दार लावून घ्यायचो आणि डास येतात म्हणायचो.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आमचं गाव आजऱ्याकडचं. दत्ता माझा थोरला भाऊ, अकरा वर्षांचा. मी सात. गोठ्यात त्याला मांजर चावलं. जखम चार दिवसांत भरली, सगळे विसरले. दीड महिन्याने त्याला ताप आला. आईने पाण्याचा तांब्या त्याच्या ओठांशी नेला आणि त्याचा गळा आवळल्यासारखा झाला. तो तहानेने पाणी मागायचा आणि पाणी समोर आलं की किंचाळायचा. दुसऱ्या दिवशी नुसता भांड्याचा आवाज ऐकून... मला माजघरात कोंडून ठेवलं होतं, पण फळीच्या फटीतून दिसत होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर घरात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. बायकोलाही, माझा एक भाऊ लहानपणी वारला, एवढंच माहीत होतं.

ऑगस्टमधला एक शनिवार. अर्धा दिवस कारखाना. मी तीनच्या सुमारास घरी आलो तेव्हा सुनंदा दुधी चिरत होती. मनगटाच्या वर हळद लावलेली दिसली. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही हो. मागे लाकडांच्या ढिगात स्वल्पा बसली होती. मी हात घातला तर चावली. माझीच चूक."

"कधी?"

"सकाळी. तुम्ही गेल्यावर."

मला पुढचं नीटसं आठवत नाही. मी तिला ओढतच नळाशी नेलं, हळद धुऊन काढली, कपड्यांचा साबण घेतला आणि घासत राहिलो. चार दात उमटले होते, दोन खोल. ती म्हणाली, "अहो, दुखतंय." मी थांबलो नाही. नळाची धार एवढा वेळ ऐकून सरोजम्मा मागच्या दाराने आत आल्या. त्यांनी जखमेकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "भय पडबेडी सर," म्हणाल्या. घाबरू नका. माझे दात वाजत होते हे मला तेव्हा कळलं.

आमच्या भागातले डॉक्टर शांत माणूस. त्यांनी सांगितलं, आजपासून इंजेक्शनं सुरू करा. सरकारी दवाखान्यात रोज एक, पोटात. आणि मांजर दहा दिवस नजरेसमोर ठेवा. दहा दिवसांनी ते खात-पीत, हिंडत असेल तर यांना काहीही धोका नाही, इंजेक्शनं थांबवू. "आणि नसेल तर?" मी विचारलं. ते म्हणाले, "तर सगळी पुरी करायची. इंजेक्शनं आहेत ना, काळजी करू नका." दत्ताला इंजेक्शन दिलंच नव्हतं, हे माझ्या डोक्याला समजत होतं. बाकी शरीराला समजत नव्हतं.

त्या दिवसापासून मला दोनच कामं उरली. पहाटे उठून मागचं दार उघडायचं आणि भिंतीवर स्वल्पा आहे का ते बघायचं. आणि सुनंदाला पाणी पिताना बघायचं. मी तिच्या हातात पेला द्यायचो आणि समोर उभा राहायचो. पहिला घोट घशाखाली उतरला की माझा श्वास सुटायचा. दीड महिन्यानंतरची भीती मी पहिल्याच दिवसापासून धरून बसलो होतो. तिने एकदा विचारलं, "असं काय बघता?" मी म्हणालो, "काही नाही."

चौथ्या दिवशी स्वल्पा आली नाही. सुनंदाने दुधाची बशी ठेवली, ती संध्याकाळी तशीच उचलली. पाचव्या दिवशीही नाही. पिसाळलेलं जनावर आडोसा शोधतं आणि तिथे मरतं, असं गावात म्हणायचे. मला ते वाक्य सारखं ऐकू यायला लागलं. त्या सकाळी दवाखान्यात बाकावर आमचा नंबर लागायची वाट बघत असताना सुनंदाने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि पिता पिता तिला ठसका लागला. साधाच ठसका... मी उभा राहिलो. खाली बसता येईना, बोलता येईना. तिने माझा हात धरून मला बसवलं आणि म्हणाली, "आता सांगा."

मी दत्ताबद्दल सांगितलं. तांब्या, फळीची फट, सगळं. आजूबाजूला माणसं होती, कुणाला मराठी कळत नव्हतं. माझं सांगून झालं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता ही घाबरली. मी काय करून बसलो. तर ती म्हणाली, "सात वर्षांचं पोर. कुणी जवळसुद्धा घेतलं नसेल तुम्हाला." आणि मग पाण्याची बाटली उचलून, माझ्याकडे बघत, सावकाश घोट घोट करत ती अख्खी बाटली प्यायली. ज्या बाईला मांजर चावलं होतं ती. तेवढ्यात नर्सने तिचं नाव पुकारलं.

मी कारखान्यात रजा टाकली आणि मांजरी शोधायला निघालो. माझं कानडी तेव्हा कामापुरतं. "बूदु बण्णद बेक्कु नोडिदीरा?" राखाडी मांजर पाहिलंत का, हे वाक्य सरोजम्मांनी पाठ करून दिलं होतं. दुकानं, देवळाच्या पायऱ्या, रिकामे प्लॉट, गटारांच्या कडा. 'स्वल्पा, स्वल्पा' अशा हाका मारत फिरणाऱ्या माणसाला लोक विचारत, थोडं काय हवंय तुम्हाला? मला हसू येत नव्हतं. प्रत्येक झुडपामागे ती मेलेली दिसेल अशी खात्री असायची, आणि तरी बघावं लागायचं. काही दिसलं की आधी डोळे मिटायचो. अडतीस वर्षांचा माणूस मी.

आठव्या दिवशी दुपारी मागच्या दुसऱ्या गल्लीत एका अर्ध्या बांधकामावर गेलो. जेवणाची सुट्टी होती, सामसूम होती. जिन्याखाली सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर ती आडवी पडली होती. मी डोळे मिटले, पुन्हा उघडले. मग तिने मान वर केली. तिच्या अंगाखाली तीन पिल्लं होती. लाकडांच्या ढिगात सुनंदाने हात घातला तो पिल्लांच्या अंगावर, म्हणून ती चावली होती, आणि मग पिल्लं उचलून इकडे आली होती. मी पाच हातांवर थबकलो. ती उठली, भिंतीवर मारलेलं पाणी जमिनीवर साचलं होतं तिथे गेली आणि पाणी प्यायला लागली. जिभेचा लप लप आवाज येत होता. मी विटांच्या थरावर बसलो आणि रडलो.

उरलेले दोन दिवस मीच दूध घेऊन जात होतो. दुरूनच ठेवायचो आणि मागे सरायचो. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, इंजेक्शनं बंद. घरी येताना रिक्षातच मी सुनंदाला म्हणालो, "आण तिला घरी. पिल्लांसकट आण."

तिने नकार दिला. मला वाटलं होतं, तिला आनंद होईल. ती म्हणाली, "आज तुम्ही सुटकेच्या आनंदात आहात. अशा वेळी दिलेला होकार मला नको. शिवाय मला आता माहीत आहे मी काय मागतेय ते. आठ दिवस जाऊ देत. मी परत विचारीन. नाही म्हणालात तर आयुष्यात पुन्हा हा विषय काढणार नाही." ती बोलली तसं वागली. आठ दिवस ती त्या बांधकामाकडे गेलीसुद्धा नाही, दूध सरोजम्मांच्या हाती पाठवलं. मागच्या दारात उभी राहून रिकाम्या भिंतीकडे बघताना मी तिला दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा मला बघून ती आत आली.

नवव्या सकाळी तिने विचारलं. मी विचार करून ठेवला होता. म्हणालो, "भीती तेवढीच आहे. एक कणसुद्धा कमी झालेली नाही. पण हो."

"खरंच?"

"हो. पण मी तिच्या जवळ येणार नाही."

"नका येऊ," ती म्हणाली.

पिल्लं मोठी होऊन लोकांकडे गेली. स्वल्पाला लस टोचून आणली, आणि मागची पडवी तिची झाली. ती तिथे अकरा वर्षं राहिली. मी त्या पडवीत पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी सुनंदा मांजरीला मांडीवर घेऊन पडवीतल्या बाकावर बसायची आणि मी उंबऱ्याच्या आत, स्वयंपाकघरात खुर्ची टाकून. आमचा चहा असा व्हायचा. मध्ये उंबरा, आणि गप्पा कारखान्याच्या, मुक्ताच्या, मंडळातल्या. मांजरीला हात लावला की सुनंदा कोपरापर्यंत साबणाने हात धुवायची आणि न सांगता मला दाखवायची. या गोष्टीची थट्टा तिने कधी चारचौघांत केली नाही. माझा भाऊ कसा गेला हे तिने मुक्तालाही सांगितलं नाही. "ते तुमचं आहे, तुम्ही सांगा," म्हणायची. परवाच मी मुक्ताला पहिल्यांदा सांगितलं.

मांजरी गेल्यानंतरही बसायच्या जागा तशाच राहिल्या. ती पडवीत, मी आत. सवयच झाली होती. परवा संध्याकाळी मी एक कप चहा केला आणि खुर्ची उचलून उंबऱ्याशी गेलो. पडवीत आता काहीच नाही, मांजर नाही, कुणी नाही, घाबरण्यासारखं काही नाही. तिच्या बाकावर जाऊन बसावं असं वाटलं. एक पाय पलीकडे टाकलाही... आणि जमलं नाही. मग खुर्ची नेहमीच्या जागी ठेवली आणि रिकाम्या बाकाकडे तोंड करून चहा प्यायलो. मला भीती वाटते हे ज्या एका माणसाला माहीत होतं आणि ज्याने ती कधी कमी करायला लावली नाही, ते माणूस तिथे बसायचं.