समीकरणात शिरलेले पाय

यार्मिला कुबीच्कोवाला साधी सायकल सरळ चालवता येत नाही, हे मोरावा नदीकाठच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे तिने आडव्या वाऱ्यात, पहिल्याच झटक्यात विमान धावपट्टीच्या मधोमध उतरवलं तेव्हा अख्ख्या कार्यशाळेने टाळ्या पिटल्या. विमान खोटंच म्हणा, वैमानिकांना शिकवायचा सिम्युलेटर. गणितं हिचीच. वैमानिक काय करतो नि त्यावर विमान काय करतं, हे आकड्यांत पकडण्यात बाईची सव्वीस वर्षं गेली होती.

टाळ्या चालूच होत्या, पण हिचा चेहरा पांढराफटक पडला. "हे द्यायचं नाही," ती म्हणाली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, शुक्रवारी वैमानिक-शाळेची माणसं न्यायला येतायत! कॅप्टन श्मेर्दांनी सहीसुद्धा केलीय!"

"पाय न हलवता मला उतरवता आलं, म्हणजे चुकलंय. पोरं यावर शिकतील, खऱ्या विमानात पाय गप्प ठेवून बसतील नि जिवाला मुकतील."

स्वतःच्या दोन वर्षांच्या कामावर स्वतःच फुली मारायची! त्याला छाती लागते हो, आणि ती या बाईला होती.

कॅप्टनच्या ज्या चाचणी-उड्डाणांवरून गणित बसवलं होतं, त्यांच्या जुन्या नोंदी तिने उपसल्या. त्यांत विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या, पायाखालच्या पॅडलची बारीक थरथर दिसत होती. मोजणीयंत्राची खोट समजून गणितात घेताना ती तिनेच पुसून टाकली होती. थरथर कॅप्टनच्या पायांची होती. नाक वळायच्या आत ते पाय त्याला सरळ करत, आणि पाय पुसल्यावर गणिताने सगळं श्रेय विमानाला देऊन टाकलं होतं.

हे ऐकून चाळीस वर्षं उडणारे कॅप्टन ओताकार श्मेर्दा भडकले. "मी पॅडलला शिवतही नाही! विमानच गुणी आहे!"

"कॅप्टनसाहेब, चूक माझी आहे. पण एकदा पॅडल सोडून, पाय खाली टेकवून उडवा. मी मागे बसते."

"तुम्ही? तुम्हाला लिफ्टमध्येही मळमळतं!"

"पिशवी घेते की."

दुसऱ्या दिवशी वारा होता. भरपूर उंची गाठून कॅप्टननी पाय खाली टेकवले. लगेच नाक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, दावं तुटलेल्या वासरासारखं विमान हुंदडू लागलं. कॅप्टनचे पाय आपोआप वर उचलले गेले.

"पाय!" मागून यार्मिला ओरडली आणि तिने पिशवीत तोंड खुपसलं.

असं चारदा झालं. बिचारी ओकत होती, ओरडत होती आणि मधल्या वेळात आकडे तपासत होती. कॅप्टनच्या मानेवरून घाम निथळत होता. उतरताना मात्र तिने त्यांना पाय वापरू दिले, आणि विमान कसं शहाण्यासारखं खाली आलं.

इंजिनं थांबली तरी कॅप्टन उठले नाहीत. "चाळीस वर्षं मी जगाला सांगत आलो, हे विमान गुणी आहे म्हणून."

"द्वाड आहे मेलं," तोंड पुसत यार्मिला म्हणाली. "गुण तुमच्या पायांत आहेत."

कॅप्टन ओशाळून हसले. मग कार्यशाळेत आले, साहेबांच्या टेबलावरून मंजुरीचा कागद ओढला आणि आपल्याच सहीवर आडवी रेघ मारली.

"पोरांना द्वाड विमानच द्या, इंजिनीअरबाई. माझे पाय त्यांना कुठून मिळणार?"